प्रार्थना केली, तरीही...



आज जरा अवघड प्रश्न घेऊया. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो, पण घरात विचारायची चोरी आणि मंडळीत विचारायची तर त्याहून मोठी चोरी! प्रश्न असा: 'मी मनापासून प्रार्थना केली, तरीही आजी गेलीच. तरीही बाबांची नोकरी सुटली. तरीही मी गणितात नापास झालो. मग देवानं ऐकलं नाही का?'

अशा वेळी कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "विश्वास कमी पडला असेल बाळा." हे वाक्य मला मुळीच पटत नाही. ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्या डोक्यावर आणखी एक धोंडा कशाला? गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. येशूनं स्वतः विनवणी केली, की जमत असेल तर हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. प्याला गेला नाही. पौलाच्या शरीरात कसलातरी काटा सलत होता. त्यानं तीनदा प्रार्थना केली, काटा तिथंच राहिला. यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची आहे का कुणाची छाती?

पण ही झाली शास्त्रातली माणसं, फार दूरची वाटतात. म्हणून आज आपल्या मराठी मुलखातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंचं नाव इतिहासाच्या तासाला तुमच्या कानावरून गेलं असेल. 'समाजसुधारक, मुक्ती सदन, केडगाव' इतकं पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मधल्या गोष्टी राहून जातात, आणि खरी मजा – मजा कसली, खरी कसोटी – तिथंच आहे.

रमाचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस! हे कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगायचं. मग दुष्काळ आला. जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी गेली. १८७४ साली आधी वडील गेले. मग आई तापानं फणफणली. रमा भाकरी मागायला एका घरी गेली, पण तोंडातून शब्दच फुटेना. त्या घरच्या बाईनं बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन ती परत आली, तर आईच्या अंगात तो खायचंही त्राण उरलं नव्हतं. लवकरच आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण. तेव्हा रमा सोळा-सतरा वर्षांची होती. म्हणजे तुमच्यातल्या ताया-दादांच्या वयाची!

उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं अनवाणी देशभर फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी एका रात्री थंडी इतकी, की दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, अगदी कबरीसारखे. त्यात झोपून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. अंगावर घ्यायला दुसरं काही नव्हतंच.

पुढं कलकत्त्याला विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हणून गौरवलं. आता तरी बरे दिवस येतील असं वाटतं ना? १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. दोन वर्षं होतात न होतात तोच पती पटकीनं गेले. लेक मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज या गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आता इथं नीट लक्ष द्या हं. आपल्या साक्षींत पुष्कळदा असं असतं, की प्रभूला स्वीकारलं आणि अडचणी पळाल्या! रमाबाईंच्या पळाल्या नाहीत. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठीच तर त्या विलायतेला गेलेल्या. पण त्यांना ऐकू कमी यायचं, आणि तो दोष बरा होण्यातला नव्हता. डॉक्टरकीचं स्वप्न तिथंच संपलं. वर ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशी त्यांचे धर्मावरून वाद! कुणी सांगितलं म्हणून मान डोलवायची हे त्यांना जमायचंच नाही. हे का मानायचं, ते शास्त्रात कुठं आहे, असं त्या पत्रांतून विचारत राहिल्या. शिक्षकांना त्या डोईजड वाटल्या असतील. मला मात्र हाच भाग फार आवडतो. शब्बाथशाळेत फार प्रश्न विचारतो म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलांनी तर तो जरूर लक्षात ठेवावा.

आणि पुढं १९०७ साली आपल्या साक्षीत त्यांनी काय कबूल करावं? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त स्वतः गवसला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आठ वर्षं! आणि त्याच काळात मुंबईला शारदा सदन निघालं होतं, विधवा मुली शिकत होत्या, भाषणं, दौरे, सगळं चालू होतं. आतून मात्र शोध संपलेला नव्हता. तेव्हा उपासनेत कधी तुमचं मन कोरडं राहिलं, गाणं म्हणताना काहीच वाटलं नाही, तर लगेच घाबरून जाऊ नका. काम आणि शोध दोन्ही बरोबर चालू शकतात.

शारदा सदन पुण्याला आल्यावर १८९३ साली मोठं वादळ उठलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय असा आरोप झाला, पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या, हिंदू सल्लागारही बाजूला झाले. (त्या पालकांची काळजीही समजून घ्यायला हवी बरं का. आपली मुलगी आपल्यापासून तुटेल ही भीती काही खोटी नसते.) चालतं काम असं अर्धंअधिक रिकामं झालेलं पाहणं किती जड गेलं असेल!

मग १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले. उपाशी माणसाला काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि तीनशेहून अधिक मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे कडक नियम, इतक्या जणींना ठेवायचं कुठं? दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली जमीन होती, तिथं झोपड्या आणि तंबू उभारले, विहिरी खणल्या. हेच ते मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, माग, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, सारं तिथं होतं.

तुमच्या घरी आज काही अडचण असेल, तर ती का आली याचं उत्तर माझ्याजवळ नाही. उगाच गोड उत्तर देऊन तुमची फसवणूकही करणार नाही. पण मनातलं एकट्यानं कोंडून ठेवू नका. आई, मोठी बहीण, पाळकसाहेब, वर्गशिक्षिका, ज्यांच्यापुढं रडू येऊ शकतं अशा कुणाला तरी सांगा. आजारपण असेल तर प्रार्थनाही करा आणि डॉक्टरही गाठा. देवाशी बोलताना कागदावरची शुद्ध प्रार्थनाच पाहिजे असं नाही. स्तोत्रसंहिता उघडून पाहा, त्यातली कितीतरी स्तोत्रं म्हणजे सरळ सरळ तक्रारी आहेत! आणि वर्गात कुणाचा डबा आला नसेल, तर आपल्याला कधी काय वाटलं होतं ते आठवून अर्धी पोळी पुढं करा.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम बायबलचं. त्या काळच्या भाषांतराची मराठी साध्या बायकांना जड जाते, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून नवं भाषांतर करायला घेतलं. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. खिळे जुळवायला होत्या मुक्तीतल्याच मुली. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा ती लेकच गेली. म्हाताऱ्या आईनं भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून ते बायबल पुरं छापून बाहेर पडलं.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव स्टेशन लागतं. मुक्तीचं काम तिथं अजून चालू आहे. सुट्टीत मोठ्यांबरोबर जाऊन या, आणि मनात काही नवे प्रश्न आले तर मला कळवा.

तुमची ताई