तुरीची रानटी भावकी

दिवाळीनंतरच्या वीकांताला जळकोटला गेलो होतो. फुलोऱ्यातली तूर उभ्या उभ्या वाळत होती. काकांनी एक झाड उपटलं, खोड चिरून दाखवलं. आत काळ्या रेषा. मर रोग! "वाळायलीय बघ. काय मारावं हिच्यावर?" दुकानदाराने दोन बाटल्या गळ्यात मारल्याच होत्या. बुरशी मातीत, तीही वर्षानुवर्षं टिकणारी... पानांवर फवारून काय डोंबल होणार?

मंडळी, इथे खरा उपाय म्हणजे झाडाच्या अंगातलीच ताकद. बदनापूरच्या केंद्राची बीएसएमआर ७३६ मर आणि वांझ, दोन्ही रोगांना तोंड देते. जरूर लावा. पण वांझ रोगाचा विषाणू जागोजागी वेगळा असतो. एकीकडे टिकलेला वाण दुसरीकडे मान टाकतो. आणि लागवडीतल्या तुरीत नवं काही शोधायला फारसा वाव नाही, सगळी जवळची भावकी.

लांबची भावकी रानात आहे. २००३ साली ११५ रानटी नमुने दक्षिणेतल्या तीन ठिकाणच्या विषाणूंवर तपासले, त्यातले १५ तिन्हींना पुरून उरले. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅटच्या बियाणे बँकेत रानटी तुरीचे ५००हून जास्त नमुने आहेत. जळकोटहून सकाळी निघालं तर जेवायला तिथे पोचाल.

मग अडलं कुठे? रानटी तुरीशी संकर केला की प्रतिकारासोबत बारीक दाणा, तडकणारी शेंग असलं नको ते सगळं येतं. ते काढायला पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करायचा, दर पिढी तपासायची. आठ-दहा वर्षं सहज जातात आणि शेवटी हाती येतं ते फक्त पैदासकाराला वापरता येईल असं मधलं वाण. फीत कापायला काही नाही! आपल्या ऑफिसात जुना कोड साफ करणाऱ्याला जेवढं प्रमोशन मिळतं, तेवढाच मान या कामाला. (आणि हो, हे जीएम नव्हे. साधं परागीकरण आहे, उगाच मोर्चे काढू नका.)

होत नाही असं म्हणू नका. भुईमुगात झालंय. बोलिव्हियातल्या एका रानटी भुईमुगाचा तांबेरा आणि टिक्क्याला असलेला प्रतिकार धारवाडच्या जीपीबीडी ४ मध्ये आला आणि शेतात पोचला.

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली तेव्हा आपण केवढा आरडाओरडा केला! सरकारनेही २०१६ मध्ये डाळीसाठी मोझांबिकशी करार केला. आयातीला पैसा एका हंगामात निघतो. दहा वर्षांच्या संकराला मात्र तीन वर्षांचा प्रकल्प, मग मुदतवाढीचे अर्ज. मला याचा संताप येतो. निदान पंधरा वर्षांचा पैसा एकदाच बांधून द्या, आणि परभणी-बदनापूरच्या पैदासकाराला दरवर्षी 'वाण कुठाय?' म्हणून छळू नका.

काकांनी त्या तुकड्यात पुढच्या वर्षी ज्वारी टाकायचं ठरवलंय. बाटल्या अजून गोठ्यातच आहेत.