चायनीजच्या गाडीला परके म्हणण्यापूर्वी

रात्री आठच्या सुमारास अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत उभे राहा. लाल रंगाची गाडी, तिच्यावर पिवळ्या अक्षरांतले नाव, दोन्ही अंगांना रंगाऱ्याने स्वतःच्या कल्पनेने काढलेले दोन ड्रॅगन, भरभरणारी शेगडी आणि काळीभोर लोखंडी कढई. पलीकडे गुपचूपवाला, अलीकडे अंडाभुर्जी. हाफ प्लेट मागवून तुम्ही स्टुलावर टेकता आणि तेवढ्यात ओळखीचे कोणी थोर गृहस्थ तुम्हाला पाहून थबकतात. मग दोन वाक्ये ऐकावी लागतात. पहिले : आपले सोडून हे परक्या चीनचे काय खाता? दुसरे : आणि हे काही खरे चायनीजही नव्हे, चीनमध्ये असले काही मिळत नाही.

मंडळी, ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून एकाच वेळी निघतात हेच मुळात नवल आहे. पदार्थ चीनचा असेल तर तो खोटा कसा, आणि चीनचा नसेल तर परका कसा? गृहस्थांनी दोहोंपैकी एक आरोप मागे घ्यावा. पण दोन्ही आरोप इतिहासाच्या नावाने केले जात असल्यामुळे दोहोंचीही झडती घेणे भाग आहे. धागा लांबणार आहे.

प्रथम 'चीनमध्ये मिळत नाही' हे घेऊ. ते खरेच आहे. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश. १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य करणारे छिंग घराणे मूळचे तिथले. तिथे मंचुरियन नावाचा पदार्थ कोणी करीत नाही. हा पदार्थ जन्मला मुंबईत. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले आणि चिकन मंचुरियन झाले, अशी हकीकत सांगितली जाते. आले-लसूण-मिरचीची ती फोडणी कोणत्या देशाची, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. 'शेजवान'चेही तसेच. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारे तिथले मिरे. आपल्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसते. गंमत अशी, की त्याच कुळातले तिरफळ कोकणात बांगड्याच्या आमटीत रोज पडते.

म्हणजे पदार्थ इथला. मग करणारे कोण? इथेच आपला इतिहास अडखळतो, आणि हा धागा खरे म्हणजे त्यासाठीच लिहिला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७७८च्या सुमारास, टोंग अच्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जकडून कलकत्त्याजवळ हुगळीकाठी जमीन मिळाली. त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही त्याच्याच नावाने अचिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कलकत्त्यात चिनी वस्ती वाढली. तिच्यातील हक्का लोकांनी चामडे कमावण्याचा आणि जोडे शिवण्याचा धंदा धरला. आपल्या जातिव्यवस्थेने ज्या कामाला विटाळ ठरवून ठेवले होते, त्या कामात दूरदेशीच्या या लोकांना जागा मिळाली. गाडीवरच्या पाटीवर 'हक्का नूडल्स' वाचताना तो शब्द एका जमातीचे नाव आहे हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात येते? मुंबईतही गोदीच्या आधाराने चिनी माणसे राहिली. माझगावात त्यांचे १९१९ साली उभारलेले छोटे देऊळ अजून आहे. मुंबईला जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. किल्ले पाहणाऱ्यांनी तर विशेष करून.

आता १९६२. या वर्षाविषयी आपल्या पाठ्यपुस्तकी स्मृतीत एक वाक्य ठाम बसलेले आहे : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण त्याच नोव्हेंबरात आसाम, मेघालयाचा आजचा प्रदेश, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या माणसांना घराघरांतून उचलून आगगाडीत बसवण्यात आले आणि राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. संख्या सुमारे तीन हजार. त्यांत म्हातारे होते, बाया होत्या, शाळकरी पोरे होती. कित्येकांचा जन्म इथला, भाषा असमिया किंवा नेपाळी. चीन त्यांनी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. आसामातील माकुम येथील चिनी कुटुंबांचे पूर्वज तर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीच चहाच्या मळ्यांसाठी आणलेले. या माणसांवर न्यायालयात खटले चालले नाहीत. काही जण १९६७ पर्यंत आत होते. बाहेर आलेल्यांपैकी अनेकांना घरे, दुकाने परत मिळाली नाहीत. ती लिलावात गेली होती. सरकारने याबद्दल अधिकृत क्षमा मागितलेली नाही.

मग बरेच जण देश सोडून गेले. कॅनडात टोरांटोला गेलेल्यांनी तिथे उपाहारगृहे काढली. तिथे 'हक्का' म्हटले की मिरची-लसणाचे, आपल्या गाडीवरच्या चवीचे जेवण समजले जाते. ज्यांना आपण चिनी म्हणून हाकलले, ते परदेशात भारतीय चवीचे जेवण विकून जगले.

दिल्लीच्या तख्तावर कोण बसले, कोणत्या वाड्यात कोणती मसलत झाली, हे आपल्याला तारखांसह पाठ असते. ह्युएन त्संगाने सातव्या शतकात महाराष्ट्राच्या माणसांविषयी काय लिहिले, तेही आपण छाती फुगवून सांगतो. गौरवासाठी चिनी साक्षीदार आपल्याला चालतो. देवळीचे नाव मात्र या धाग्याच्या वाचकांपैकी किती जणांनी यापूर्वी ऐकले असेल, याचा ज्याने त्याने प्रामाणिकपणे विचार करावा. मीही पंचविशी उलटेपर्यंत ऐकले नव्हते, आणि तोवर शेकडो प्लेटा रिचवल्या होत्या.

जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले. देश संतापला, ते स्वाभाविकच होते. पण त्या संतापात केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ विकणारी उपाहारगृहे बंद करण्याचे आवाहन केले. टाळेबंदीने आधीच गाडी उभी राहिलेली, आणि वर हे. राजापेठेतल्या पोराच्या हातगाडीने गलवानचे काय बिघडवले होते? १९६२ साली चेहरा पाहून शत्रू ठरवला. २०२० साली पाटीवरचे नाव पाहून. चूक तीच आहे. चिनी सत्ता आणि 'चिनी' म्हणवली जाणारी प्रत्येक वस्तू, प्रत्येक माणूस यांत भेद न करण्याची.

भेद न करायचा असेल तर मग पुरतेच सोवळे पाळावे. मटणाच्या मसाल्यातली दालचिनी काढा. फारसीतल्या 'दारचिनी'चा अर्थच चीनचे लाकूड. लोणच्याची चिनी मातीची बरणी फोडा. चहा तर बंदच.

आणि खरीप? वऱ्हाडी माणसाने चायनीजला परके म्हणण्यात जो विनोद आहे, तो महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच सापडेल. आज अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या शिवारात जून सरताना जे पीक उगवते, त्यात कपाशी आणि तुरीच्या जोडीला सोयाबीन आहे. सोयाबीन माणसाळवले गेले ते चीनमध्ये, हजारो वर्षांपूर्वी. पिवळ्या सोयाबीनची व्यापारी लागवड १९७०च्या आगेमागे मध्य प्रदेशातून वाढत गेली, पुढे विदर्भात पसरली आणि इथल्या शेतकऱ्याचा दिवाळीचा पैसा होऊन बसली. त्याचा भाव पडला की अकोल्याची बाजारपेठ सुतकात जाते. अकोल्याचा दाणा गाडीवरच्या सोया सॉसच्या बाटलीत जातो असे मी म्हणत नाही. तो तेल गिरणीत जातो, पेंड होतो. पण ज्या प्रदेशाचे हातउसने, लग्नकार्ये आणि पोरांच्या फिया एका चिनी पिकावर फिटतात, त्याने कढईतल्या चमचाभर काळ्या सॉसवर परकेपणाचा ठपका ठेवावा?

नातेही आजचे नव्हे. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि वऱ्हाडचा कापूस डब्यांत भरून मुंबईला जाऊ लागला. त्यातला पुष्कळसा विलायतेला गेला, काही मुंबईच्या गिरण्यांत शिरला. या गिरण्यांच्या सुताचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मोठे गिऱ्हाईक कोण? चीन. पुढे जपानी सुताने ती बाजारपेठ हिसकावली. वऱ्हाडच्या कापसाचा धागा चिनी विणकराच्या मागावर चढत होता, तेव्हा 'परके' म्हणून कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

आता 'आपले सोडून' या अर्ध्या वाक्याकडे येतो. आपले म्हणजे झुणका-भाकर आणि ठेचा, असे समजू. ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजातून आली. तेही सोडून देऊ. भाकरीचे काय झाले ते पाहा. १९९५ साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. मोक्याच्या जागा दिल्या, अनुदान दिले, अस्मितेची सगळी पुण्याई पाठीशी उभी केली. काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. त्याच सुमारास गावोगाव पसरत असलेल्या चायनीजच्या गाडीमागे कोणते सरकार होते? कोणते अनुदान? मुंबईकडे कढई शिकून आलेला एखादा पोरगा, उसनवारीची गाडी, आणि पंचवीस ते तीस वर्षे रोज रात्री येणारे गिऱ्हाईक.

भाकर ताटातून उठली ती मंचुरियनने उठवली नाही. ज्वारी आधी शेतातून गेली. तिच्या जागी सोयाबीन आले, स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ आले. रोज रात्री गव्हाची पोळी खाणाऱ्या घरातून कोणी भाकरीचा कैवार घेऊन चायनीजवाल्याला झोडपतो, तेव्हा तो चुकीच्या माणसाला मारत असतो.

आरोग्याचा मुद्दा मी टाळत नाही. वारंवार तापवलेले तेल वाईट, लालभडक रंग वाईट, आणि काही गाड्यांवर दोन्ही असतात. पण त्यावर उपाय कसा करावा आणि कसा करू नये, याचे धडे २०२४ सालीच मिळाले. म्हापसा नगरपालिकेने शहरातल्या गाड्यांवर गोबी मंचुरियनलाच बंदी घालण्याचे ठरवले. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि 'बुढ्ढी के बाल' यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. एकाने पदार्थ गुन्हेगार ठरवला, दुसऱ्याने त्यातले विष नेमके पकडले. तेलाचा नियम तर २०१८ पासून देशभर आहेच. तळणीच्या तेलातील टोटल पोलर कंपाउंडचे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल टाकून द्यावे लागते. हा नियम समोशाच्या, आलुबोंड्याच्या आणि नामांकित मिठाईवाल्याच्या कढईलाही लागू आहे. तिथे कोणी चौकशी करीत नाही, कारण तिथल्या पाटीवर ड्रॅगन नाही.

अजिनोमोटोविषयीची भीतीही अशीच. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळापासून वेगळी काढलेली ही चव. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर होणाऱ्या त्रासाबद्दल एका डॉक्टरचे पत्र छापून आले आणि जगभर बोभाटा झाला. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो त्रास सातत्याने सिद्ध झाला नाही. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असते. टोमॅटोला कोणी गाव सोडायला लावत नाही.

शेवटी तुमच्याकडे एक काम सोपवायचे आहे. अमरावती जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर १९६८ चे, अकोल्याचे १९७७ चे. ही गाडी आली त्यांच्यानंतर. म्हणजे या दोन शहरांच्या संध्याकाळी ज्या गोष्टीने बदलून टाकल्या, तिची छापील नोंद तिथे सापडणार नाही. ती आहे साठीकडे झुकलेल्या काही माणसांच्या डोक्यात. तुमच्या गावात पहिली गाडी कोणत्या साली लागली, कढई कोणी शिकवली, नूडल्सचे पुडे सुरुवातीला कुठून येत, हाफ प्लेट किती रुपयांची होती, हे विचारा आणि सालासकट खाली लिहा. गाडीवाल्यांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय लिहू नका.

मी अकोल्यातल्या एका काकांना विचारले. आधी ते हसले. "चीनचं काय हाय जी याच्यात? पानकोबी इथलीच, तिखट भिवापुरी, सांभार माह्या वावरातला." मग कढई खाली ठेवून म्हणाले, कल्याणला एका गाडीवर भांडी घासायला होते, तिथल्या नेपाळी स्वयंपाक्याने शिकवले. त्याला कोणी शिकवले होते? "तो म्हने कलकत्त्याहून आलो. एक म्हातारा होता म्हने तिथं, चिनी." म्हाताऱ्याचे नाव त्यांना ठाऊक नाही.