तीन खांदे, एक ताळेबंद

बँकेत असताना तारण ठेवलेली मशिनरी पाहायला मी अनेकदा जात असे. मशीन आज उत्तम चालत असे. प्रश्न एवढाच, की चार वर्षांनी तिचे मोल काय राहील? अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, खांदा हे असेच तारण आहे.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचेच उदाहरण घ्या. २००२ साली या संघाचा पगारखर्च सुमारे चार कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या घरात. तरीही दोघांनी साखळीत सारखेच, १०३ सामने जिंकले. ओकलंडची मदार होती टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो या तीन तरुण पिचरांवर. तरुण, म्हणून स्वस्त. तिथे पहिली साधारण तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपासच पगार मिळतो, पुढे तो लवादाच्या वाटेने वाढतो आणि सहा वर्षांनी खेळाडू खुल्या बाजारात उभा राहतो.

ती वेळ जवळ येताच, डिसेंबर २००४ मध्ये, ओकलंडने दोन दिवसांच्या अंतराने हडसन आणि मल्डर यांना दुसऱ्या संघांना देऊन टाकले. मल्डरचा खांदा लवकरच निकामी झाला. त्याच्या बदल्यात आलेला डॅन हॅरन मात्र चमकला. हडसनच्या बदल्यात आलेल्यांनी फारसे काही केले नाही. तो स्वतः पुढे अकरा हंगाम खेळला. एक व्यवहार नफ्याचा, एक तोट्याचा.

झिटोला खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. तिथे तो ६३ सामने जिंकला, ८० हरला. माझ्यासारख्याने हे कर्ज बुडीत खाती टाकले असते. पण २०१२ मध्ये आणखी एक पराभव झाला तर संघ बाहेर, अशा रात्री याच झिटोने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नाही. जायंट्स विजेते झाले.

ओकलंडचे शेवटचे अजिंक्यपद १९८९ सालचे. मैदानाच्या वादातून २०२४ अखेर संघाने ते शहरच सोडले. गरीब संघाने खांदे विकणे ही चूक नव्हे; ती गरजच असते. पण ज्या पोरांनी हडसनच्या नावाचा सदरा अंगात घातला होता, त्यांची ठेव ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला मांडायची? इतकी वर्षे खतावण्या तपासूनही मला तो रकाना सापडलेला नाही.