स्त्रियांचा हृदयविकार : पहिल्या दहा मिनिटांचा प्रश्न

हृदयविकाराचा झटका आलेल्या स्त्रीचे बरेचसे नुकसान रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच होते. छातीत दुखणे हेच तिच्यातही मुख्य लक्षण. पण जोडीला धाप, मळमळ, दरदरून घाम, पाठीत किंवा जबड्यात कळ, गळून गेल्यासारखा थकवा पुरुषांपेक्षा अधिक वेळा आढळतो. ती ‘पित्त झालंय’ म्हणते, घरचे दुजोरा देतात आणि दवाखान्यात पित्ताचीच गोळी मिळते. पुरुषासारखाच आजार सिद्ध झाल्याशिवाय स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत, हे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते.

नवी मुंबईतील शिरवणे गावठाण, लगतची औद्योगिक वसाहत आणि जुईनगर-नेरूळ या पट्ट्यात अंतराची सबब चालत नाही. महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र गावातच आहे. नेरूळ-वाशीची मोठी रुग्णालये काही किलोमीटरवर आहेत. तरीही वेळ जातो, कारण शंका येत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत भारतीय रुग्णांचा लक्षणांपासून रुग्णालयापर्यंतचा मध्यक ३६० मिनिटे होता, तर तेथून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हायला ५० मिनिटे लागत होती.

म्हणून पहिल्या भेटीत दहा मिनिटांच्या आत ईसीजी हवा. तो निर्दोष दिसला आणि त्रास चालूच राहिला, तर पुन्हा काढावा. ट्रोपोनिनचा निकाल वाचतानाही सावधगिरी हवी : एका अतिसंवेदनशील चाचणीत वरची मर्यादा पुरुषांसाठी ३४, तर स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे. दोघांना एकच आकडा लावला, तर काही स्त्रियांचे झटके निसटतात.

५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षे उशिरा आला. त्यावरून पाळी चालू असलेली स्त्री सुरक्षित ठरत नाही. मधुमेह, गरोदरपणातला रक्तदाब आणि मिश्री यांची चौकशी आवर्जून करावी. मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, त्यामुळे नाव घेऊनच विचारावे लागते.

अँजिओग्राफीत मोठा अडथळा न दिसणे स्त्रियांत अधिक आढळते. रोहिणीचा आतला थर आपोआप फाटणे किंवा आकुंचन ही कारणे शोधावीत, ‘हृदय ठीक आहे’ म्हणून घरी पाठवू नये. रक्तस्रावाचा धोका त्यांना जास्त, म्हणून मनगटातून मार्ग घ्यावा आणि हेपारिनची मात्रा वजनानुसार ठरवावी. झटक्याचे कारण रोहिणीकाठिण्य असेल, तर घरी सोडताना अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि पुनर्वसनाचा सल्ला पुरुषाइतक्याच काटेकोरपणे लिहून द्यावा.