राबणाऱ्या अंगाला योग हवाच

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात योगाचा विषय काढला की पुरुषांकडून तीन उत्तरे हमखास येतात. वावरात राबणारा म्हणतो, "आम्हले योग कसाले जोयजे?" दिवसभर अंग मोडून काम होतेच, वेगळा व्यायाम हवा कशाला, असे त्याचे म्हणणे. तालमीत किंवा जिममध्ये जाणारा तरुण म्हणतो, योग हा बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा प्रकार. ताकद कमवायची तर वजनच उचलले पाहिजे. तिसरे उत्तर जरा संकोचाने येते : माझे अंगच ताठर, मला ते जमायचे नाही. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत आपली माणसे कंबर, गुडघे आणि खांदे दुखवून मोजत आहेत. म्हणून त्या एकेक करून खोडून काढायला हव्यात. योगाच्या नावावर वाटेल ते दावे करणाऱ्यांनाही याच लेखात उत्तर द्यायचे आहे, कारण योगाचे नुकसान निंदकांइतकेच या भक्तांनीही केले आहे.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार, तो आधी घेऊ. सटाण्याच्या आसपासचा शेतकरी आळशी आहे असे त्याचा वैरीही म्हणणार नाही. द्राक्षाची छाटणी, डाळिंबाची तोडणी, कांद्याच्या गोण्या भरून ट्रॅक्टरवर चढवणे, पाठीवर औषधाचा पंप घेऊन ओळीमागून ओळ फिरणे, हे सारे करणाऱ्याला व्यायामाचा उपदेश करणे उद्धटपणाचे वाटू शकते. पण हे काम अंगाकडून नेमके काय करून घेते ते जरा जवळून पाहा. मांडवाखाली द्राक्षघडांची विरळणी किंवा डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) चालते तेव्हा हात तासन्‌तास खांद्याच्या वर असतात आणि मान मागे कललेली असते. पंपाचे पट्टे खांद्यांत रुततात, तोल सांभाळायला धड पुढे झुकते. कांदा भरताना वाकलेली कंबर दुपारपर्यंत सरळ होत नाही. प्रत्येक कामात तेच सांधे त्याच दिशेने हजारदा हलतात आणि बाकीचे अंग नुसते सोबत असते. कामाला पीक हवे असते. अंग दोन्ही बाजूंनी सारखे तयार व्हावे, ही कामाची गरजच नाही. वारंवार वाकणे आणि जड ओझे उचलणे ही कंबरदुखीची आणि गुडघे झिजण्याची माहीत असलेली कारणे आहेत.

कष्ट म्हणजेच व्यायाम, ही समजूत जगातही तपासली गेली आहे. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात स्वतःहून व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी आढळला. पोटासाठी जड अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये मात्र तो कमी न होता वाढलेला दिसला. डेन्मार्कचा कामगार आणि बागलाणचा शेतकरी एक नव्हेत, हे खरेच. तरी कारणे इथेही ओळखीची आहेत : काम थांबवायची मुभा नसते, विश्रांती पुरेशी नसते, श्वासाकडे लक्ष नसते. व्यायामात वेग, भार आणि विसावा माणसाच्या हातात असतो, मजुरीत तो कामाच्या हातात असतो. म्हणून जो जास्त राबतो त्याला योगाची गरज कमी नाही, जास्त आहे.

आता दुसरा आक्षेप. योग बायकांचा, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. हठयोगाची परंपरा शतकानुशतके मुख्यतः पुरुष साधूंनी, विशेषतः नाथपंथी योग्यांनी सांभाळली, आणि त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी हे त्याच नाथपरंपरेचे ठाणे आपल्याच जिल्ह्यात आहे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला तप केले. ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असे परंपरा सांगते. बलोपासनेचा आग्रह धरणाऱ्या त्या पुरुषाला नमस्कार कमी दर्जाचे वाटले नाहीत.

तालीम आणि योग यांच्यात वैर आहे, हेही खरे नाही. उत्तर पेशवाईत निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन पैलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले. तयारीसाठी बाळंभटदादा शेजारच्या कळवण तालुक्यातल्या सप्तशृंग गडावर येऊन राहिले, तिथे दृष्टान्तातून त्यांना मल्लखांबाची विद्या मिळाली आणि परत जाऊन त्यांनी अलीला चीत केले, अशी कथा आहे. दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा म्हणून सोडला तरी मल्लखांब डोळ्यांसमोर आहे. खांबाच्या बोंडावर मयूरासन, पद्मासन, शीर्षासन लावणारा गडी मल्ल आहे की योगी? तो दोन्ही आहे. ही विद्या पैलवानांनी स्वतःसाठी घडवली, कारण पकडीतून निसटायला आणि डाव उलटवायला नुसते बळ पुरत नाही, अंग वळावे लागते.

आधुनिक काळातही हाच धागा दिसतो. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे आधी बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले होते आणि पुढे खानदेशातल्या अमळनेरला त्यांनी शिक्षणसंस्थेत काम केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापनाच्या साहाय्याने तपासले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी युरोपातल्या प्रसिद्ध शक्तिवीर सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, जन्मभर तो करत राहिले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला. हे लोक नाजूकपणाचे उपासक नव्हते.

आणि 'बायकांचे काम' या शब्दांत जो कमीपणा आहे तोही आपण टाकून द्यावा. थंडीच्या दिवसांत कांद्याच्या लागवडीला सकाळपासून ओणव्याने उभ्या असलेल्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, त्याने बायकांच्या ताकदीविषयी असे बोलू नये.

तिसरा आक्षेप ताठरपणाचा. अंग लवचिक असणाऱ्यांसाठी योग आहे, असे मानणे म्हणजे अक्षरओळख असणाऱ्यांसाठीच शाळा आहे असे मानणे. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले, तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. लहानपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षय अशा दुखण्यांत गेलेले, अंग अशक्त आणि ताठर. त्याच माणसाने पुढे पट्टे, ठोकळे, खुर्ची, भिंत यांच्या आधाराने ताठर माणसालाही आसन कसे करता येते, हे जगाला दाखवले. पायाचा अंगठा हाताला लागतो की नाही, ही परीक्षाच नाही. पतंजलींनी आसनाला स्थैर्य आणि सुख या दोनच कसोट्या लावल्या, आणि त्या गुडघ्यापर्यंत हात पोचणाऱ्यालाही पूर्ण करता येतात.

इथवर झाले निंदकांचे. आता भक्तांकडे वळतो. योगाने प्रत्येक आजार मुळासकट जातो, औषधे बंद करा, वजन उचलण्याची गरजच नाही, असे सांगणारे लोक चुकीचे आणि कधी कधी धोक्याचे सांगतात. जमिनीवरच्या आसनांत शरीर ढकलण्याचा व्यायाम भरपूर होतो, ओढण्याचा फारसा होत नाही. त्यासाठी दोरी, मल्लखांब किंवा लोंबकळण्याचा दांडा लागतो. मांड्यांची ताकद एका मर्यादेपुढे वाढवायची तर बैठका आणि वजन लागते. पुराव्याच्या बाबतीतही प्रामाणिक राहावे. अमेरिकेत 228 जणांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीला योगाने चांगला आराम पडला, पण नीट शिकवलेल्या ताणाच्या व्यायामांनीही तितकाच पडला. योगात जादू नाही. नियमाने, नीट केलेल्या हालचालीचे फळ आहे, आणि ते फळ पुरेसे मोठे आहे. अमेरिकेतल्या वैद्यांच्या अग्रगण्य संघटनेने 2017 साली जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचे नाव घातले, तेवढे मला बस आहे.

मग योग पुरुषाला नेमके देतो काय? आधी ताकदीचे बोलू. सूर्यनमस्कारात छाती जमिनीजवळ येते ती स्थिती आणि आखाड्यातला जोर यांत फार अंतर नाही. जोराच्या खालच्या स्थितीत शरीराच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भार हातांवर येतो. 70 किलोचा माणूस त्या क्षणी 50 किलोहून अधिक, म्हणजे कांद्याच्या भरल्या गोणीइतका भार छाती, खांदे आणि दंडांवर पेलत असतो. तिथे घाईने वर न येता दोन श्वास थांबून पाहा, म्हणजे योगात ताकद लागत नाही हे वाक्य तोंडातून निघणार नाही. महाराष्ट्रातल्याच अभ्यासकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 79 स्त्री-पुरुषांनी आठवड्यातून सहा दिवस, रोज 24 सूर्यनमस्कार, असे 24 आठवडे घातले. शेवटी त्यांची छातीने वजन रेटण्याची ताकद आणि जोर काढण्याची क्षमता दोन्ही वाढलेल्या आढळल्या.

पण माझ्या मते खरी देणगी ताकद आणि लवचिकता यांच्या जोडीत आहे. गोणी उचलणारा माणूस पाहा. मांडीमागचे स्नायू आखडलेले, खुब्यात वाक नाही, घोटा दुमडत नाही. गुडघे जवळजवळ सरळ ठेवून तो पाठीची कमान करतो आणि सगळा भार कमरेच्या मणक्यांवर घेतो. पूर्वीची माणसे उकिडवी बसत, मांडी घालून जेवत, त्यामुळे खुबे आणि घोटे आपोआप मोकळे राहत. आता मोटारसायकल, खुर्ची आणि मोबाइल यांत वाढलेल्या पंचविशीच्या पोराला टाचा टेकवून उकिडवे बसता येत नाही. त्याने जिममध्ये दंड कितीही फुगवले तरी गोणीपुढे त्याची कंबरच दुखावणार. मालासनात खुबे आणि घोटे उघडतात, उत्कटासनात मांड्या भार घ्यायला शिकतात, शलभासनात पाठीचे स्नायू बळकट होतात, नौकासनात पोट. हे चारही एकत्र आले की तोच माणूस गुडघ्यात बसतो, गोणी अंगाशी घेतो आणि पायांच्या जोरावर उठतो.

साल्हेरवर गेलेल्या कोणालाही हे वेगळ्या रीतीने माहीत आहे. 1567 मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. चढताना दम लागतो, तो थांबून भरून काढता येतो. उतरताना मात्र मांड्या थरथरतात आणि गुडघे बोलू लागतात, कारण स्नायूला लांबत असताना भार तोलून धरायचा असतो. आसनात सावकाश उतरणे आणि उतरलेल्या जागी थांबणे ही नेमकी त्याच कामाची तालीम आहे. 1672 साली याच साल्हेरीच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेला खुल्या मैदानात हरवले. त्या मावळ्याचे पाय जिन्यावर नव्हे, अशाच डोंगरउतारांवर तयार झाले होते.

वय वाढते तसे हे अधिक मोलाचे ठरते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ती घट वेग घेते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते, आणि पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचाही. एका पायावरचे वृक्षासन आणि वीरभद्रासन या दोन्ही गरजा एकदम भागवतात, आणि त्यांना एक पैसा खर्च येत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. कामाला निघण्याआधी सहा सूर्यनमस्कार सावकाश घाला. संध्याकाळी वीस मिनिटे काढा : वीरभद्रासन, उत्कटासन, शलभासन, नौकासन, मालासन, खांद्यांसाठी गोमुखासनातली हातांची पकड, शेवटी शवासन. द्राक्षाच्या हंगामात खांद्यांना आणि कांद्याच्या हंगामात कमरेला अधिक वेळ द्या. रक्तदाब, हर्निया, काचबिंदू किंवा मणक्याची गादी सरकलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शीर्षासनाच्या नादी लागू नका. सुरुवात शिक्षकाच्या नजरेखाली करा; नाशिक जिल्ह्यात शिक्षकांची वाण नाही. नाशिकला योग शिकवणाऱ्या विश्वास मंडलिकांना 2018 साली पंतप्रधानांच्या नावाचा योग पुरस्कार मिळाला, इतकी ही परंपरा आपल्याकडे रुजलेली आहे.

तालमीच्या वस्तादांना आणि जिम चालवणाऱ्या तरुणांना एक विनंती आहे. आठवड्यातले दोन दिवस तरी पोरांना आसने शिकवा. 21 जूनला फोटोपुरत्या सतरंज्या अंथरणाऱ्या संस्थांनी त्याच सतरंज्या वर्षभर अंथराव्यात. बागलाणच्या पुरुषाने आजवर ज्या पाठीवर घर, शेत आणि कर्ज पेलले, त्या पाठीची निगा राखणे हे त्याच्या मर्दपणाला कमीपणा आणणारे नाही. ते त्याचे स्वतःविषयीचे आणि घरच्यांविषयीचे कर्तव्य आहे.