पुण्यात आहात ना, मग काळजी कसली?

हे वाक्य मी आतापर्यंत निदान चाळीस जणांकडून ऐकलं असेल. मामा, मावशी, ऑफिसातले लोक, आईच्या भिशीतल्या बायका, लग्नात भेटलेले कोणीतरी लांबचे काका. सगळ्यांचा सूर तोच. आई आता पुण्यात आली ना, मग काळजी कसली? एवढी मोठमोठी हॉस्पिटलं आहेत!

आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. माझे नातेवाईक इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि मुद्दाम त्यांच्यासाठीच लिहितोय. राग आला तर फोन करा.

आईला मिरजेहून कायमचं पुण्याला आणलं २०२४ च्या जूनमध्ये. बाबा गेल्यावर तीन वर्षं ती ब्राह्मणपुरीतल्या घरात एकटी राहिली आणि त्या तीन वर्षांत मला सगळ्यांनी मिळून एकच सुनावलं, की तिथे ठेवू नकोस, इथे आण, इथे चांगली ट्रीटमेंट मिळते. आता गंमत बघा. मिरज! जिथे १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून अर्धा उत्तर कर्नाटक रेल्वेत बसून उपचाराला येतो, ते मिरज. आमच्या लहानपणी स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्याला काही सांगावंच लागायचं नाही. हातात पिशवी आणि बरोबर म्हातारं माणूस दिसलं की तो थेट दवाखान्याकडेच टांगा वळवायचा. तिथल्या बाईला "चांगली ट्रीटमेंट" म्हणून आम्ही कोथरूडला आणलं.

आणि पुढच्या चार महिन्यांत तिचा हात मोडून घेतला.

कसा, ते नीट सांगतो. इथे आल्यावर पहिल्यांदा तिला दाखवलं ते एका मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयरोगतज्ज्ञांना. (का? तर बीपीची गोळी संपत आली होती! गोळी लिहून घ्यायला हृदयरोगतज्ज्ञ. पण आम्हाला दुसरं कोणी माहीतच नव्हतं. ऑफिसात विचारलं, चौघांनी चार "टॉप" नावं सांगितली.) दोन तास बाहेर बसलो. ही थंडगार एसीत साडीचा पदर गुंडाळून बसलेली, दर पाच मिनिटांनी बाथरूम कुठे आहे विचारणारी. आत गेल्यावर बीपी १६०. न व्हायला काय झालं? डॉक्टरांनी आधीच्या गोळीत अमलोडिपिन वाढवलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही रे. कॉम्प्युटरकडेच बघत होते."

तीन आठवड्यांत पाय सुजले. मग दुसरे तज्ज्ञ. रक्त, लघवी, सोनोग्राफी, इको. सगळं "तसं नॉर्मल". सूज उतरायला लघवी जास्त होण्याची गोळी दिली. ती सुरू झाल्यावर रात्री तीन-तीन वेळा उठणं आलं, दिवसा चक्कर येऊ लागली, आणि सप्टेंबरातल्या एका पहाटे ती बाथरूमच्या दारात पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालायला नेलं तेव्हा रक्तात सोडियम कमी निघालं. म्हणजे आता आणखी एक तज्ज्ञ!

त्या संध्याकाळी आईने स्वतःच, डाव्या हाताने, मिरजेच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. आता ते पंचाहत्तरीचे आहेत, एकच वेळ दवाखान्यात बसतात. त्यांनी काय काय गोळ्या चालू आहेत ते मला फोनवर वाचायला लावलं. मी वाचत होतो. दुसऱ्याच नावाला थांबवलं.

"अहो, वहिनींना हे मी पूर्वी एकदा दिलं होतं. तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी. असेच पाय सुजले होते, म्हणून बंद केलं. विचारा त्यांना."

विचारलं. आईला आठवत होतं की लग्नात चपला बसत नव्हत्या. गोळीमुळे, हे तिला कधी कोणी सांगितलं असेल तरी ती विसरली होती.

अमलोडिपिनने काही जणांचे पाय सुजतात ही काही गुपित गोष्ट नाही, प्रत्येक डॉक्टरला ती माहीत असते. पण एकाने गोळी दिली, दुसऱ्याने सूज बघितली, तिसऱ्याने हाड बघितलं. प्रत्येकाने आपापला तुकडा बरोबरच बघितला. आईला कोणी बघितलं नाही. मिरजेच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे कंपाउंडर अजून पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहितो, तिथे हे सगळं एका मिनिटात संपलं असतं. मी त्या पुण्यातल्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना कोण सांगणार होतं? मी तिला आणताना फ्रीज आणला, देव आणले, लोणच्याच्या बरण्या गोधडीत गुंडाळून आणल्या. तिच्या तब्येतीची तीस वर्षं मिरजेलाच ठेवून आलो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मला ती उशिरा कळली. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे जे २००२ चे नियम आहेत त्यांत स्पष्ट लिहिलं आहे की रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत. दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची असा नियम आहे. तीन वर्षंच हो! म्हणजे बाबांच्या आजारपणात आईला जे एकदा ॲडमिट केलं होतं, ते कागद मी वेळेवर मागितले नाहीत तर गेलेच समजा. आणि औषधाचं मूळ नाव, जमेल तिथे सुवाच्य मोठ्या अक्षरात लिहावं असंही त्याच नियमांत आहे. ब्रँडच्या नावांनी आपला घात होतो. एकच औषध दोन नावांनी दोघांकडून घेणारे दोन आजोबा तर मला आमच्याच सोसायटीत भेटले.

बरं, सरकारचं म्हणाल तर सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी दवाखान्यात वृद्धांसाठी वेगळी रांग हवी असं आहे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी खास सोय हवी असंही आहे. १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. आईचं काढलं, आधारवर पटकन झालं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. उत्तम योजना आहे, जरूर काढा.

पण हे कार्ड चालतं कधी? ॲडमिट झाल्यावर. आईच्या पडण्याच्या वेळी ते असतं तरी मला एक रुपयाचा उपयोग नव्हता, कारण प्लास्टर घालून तिला तासाभरात घरी पाठवलं. बाहेरच्या बाहेर दाखवणं, महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, फिजिओथेरपी, यातलं काहीही त्यात बसत नाही. खाटेवर पडलात तर पाच लाख, पडू नये म्हणून काही केलंत तर स्वखर्चाने. खाजगी विम्याचंही बहुतेक तेच. आणि आपण मुलंही नेमका असाच विचार करतो! घर घेताना बिल्डर सांगतो, तीन किलोमीटरच्या आत पाच मल्टिस्पेशालिटी, आणि आपण माना डोलावतो. त्या तीन किलोमीटरच्या आत साधा फॅमिली डॉक्टर किती, हे एकाने तरी विचारलंय का? मी तर नव्हतं विचारलं.

मला समोरून काय उत्तर येणार तेही ठाऊक आहे. रात्री अडीचला छातीत दुखलं तर तिथे कोण होतं? बरोबर आहे. शेजारचे पाटीलकाका होते, पण तेही ऐंशीचे. इथे मी आहे, गाडी आहे, वीस मिनिटांत आयसीयू आहे. हे मी नाकारत नाही. तिला परत पाठवा असंही म्हणत नाही, घराला कुलूप लागलंय आणि तीही आता म्हणत नाही. पण ती रात्र वर्षातून एखादी येते, येतही नाही. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस गुडघा, झोप, पोट साफ न होणं, डोळ्यातलं पाणी, आणि "आज बरं वाटत नाहीये रे" असं असतं. त्या दिवसांसाठी तुमच्या पुण्यात काय आहे ते सांगा. मिरजेला ती या सगळ्यासाठी स्वतः चालत जायची. दहा मिनिटं. येताना भाजी आणायची. इथे प्रत्येक वेळी मला रजा टाकावी लागते, रिक्षावाला जवळचं भाडं नको म्हणतो आणि बसची पायरी तिच्या गुडघ्याला झेपत नाही. साहजिकच तिने दुखणी सांगणंच कमी केलं. तब्येत सुधारली असं आम्हाला वाटलं होतं...

वृद्धांच्या वैद्यकाचा एमडीचा अभ्यासक्रम आपल्याकडे मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ सालीच सुरू झालाय. तसे डॉक्टर अजूनही शोधावे लागतात, ते असो. आम्हाला जे सापडले ते साधे एमबीबीएस आहेत. सापडले कसे, तर बागेत संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाची माणसं बसतात, आई प्लास्टर घातलेल्या हाताने तिथे जाऊन बसली. पहिल्याच दिवशी चौकशा झाल्या, हात कसा मोडला, गाव कुठलं. आठवड्याच्या आत तिला घरी येणारा प्रयोगशाळेचा माणूस, गोळ्या घरपोच देणारा औषधवाला, विश्वासाच्या दोन कामाच्या मावशी आणि हे डॉक्टर, सगळं कळलं. मी चार महिने इंटरनेटवर स्टार मोजत बसलो होतो.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून, रस्ता ओलांडावा लागत नाही. मी मिरजेला जाऊन आमच्या डॉक्टरांकडून एक पत्र लिहून आणलं होतं. हाताने लिहिलेली दोन पानं. काय काय दिलं, काय सोसलं नाही, कुठलं दुखणं खरं आणि कुठलं काळजीपोटी, बाबांचं कधी झालं, एकटी असली की जेवत नाही, सगळं. नव्या डॉक्टरांनी ते पूर्ण वाचलं. मग मान वर करून आईला विचारलं, "आता जेवता का?"

आता हे सगळं आजच का लिहिलं, तर धाकटा चुलतभाऊ दिवाळीनंतर काका-काकूंना सांगलीहून हिंजवडीला नेतोय. मला परवा फोनवर म्हणाला, फ्लॅटच्या समोरच मोठं हॉस्पिटल आहे, काळजी नाही. बाबा रे, टेम्पो नंतर ठरव. आधी एक दिवस रजा टाकून काकांच्या डॉक्टरांसमोर जाऊन बस आणि पत्र घेऊन ये. दोघांची वेगवेगळी पत्रं घे. आणि काकूला विचार, गोळ्या तिला कोणी लिहून दिल्यात. मला खात्री आहे, त्यातल्या निम्म्या तिला कोणी दिल्या हेही आठवणार नाही.