तक्ता उभा वाचावा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या घरचे कोणी कामास आहे, त्यांच्या कानांवर ‘स्किल मॅट्रिक्स’ हे नाव आलेले असेल. शॉपच्या भिंतीवर चौकटी आखलेला एक मोठा तक्ता असतो. डाव्या बाजूस कामगारांची नावे, वर लेथ, ड्रिलिंग, प्रेस, वेल्डिंग, तपासणी अशी कामे, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेले एक वर्तुळ. सामान्यतः पाव भाग रंगला म्हणजे शिकणे चालू आहे. अर्धा म्हणजे देखरेखीखाली काम जमते. पाऊण म्हणजे एकट्याने जमते. आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे हा दुसऱ्यास शिकवू शकतो. काही ठिकाणी भाग न करता लाल, पिवळा, हिरवा असे नुसते रंगच भरतात.

आमचे भांडण या तक्त्याशी नाही, तो वाचण्याच्या रीतीशी आहे. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कोणी सांगते की आमच्या मुलाची तीन वर्तुळे पूर्ण झाली, आणि शेजारची माउली मान खाली घालते, कारण तिच्या मुलाचे अजून एकही नाही. ही काय शाळेची गुणपत्रिका आहे? आडवी ओळ वाचून माणसाची किंमत करायला हा तक्ता मुळी जन्मलेलाच नाही.

त्याचा जन्म पाहावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांवर नवख्या माणसांना घाईने शिकवण्याची वेळ आली. त्यासाठी १९४० साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना निघाली. तिच्यात शिकवणाऱ्या मुकादमाने आधी एक कागद आखायचा असे: एकीकडे माणसे, दुसरीकडे कामे, आणि कोणास कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत शिकवायचे ते. युद्धानंतर ही योजना जपानला गेली आणि तेथील कारखान्यांत मुरली. म्हणजे रिकामी चौकट ही शिकणाऱ्याची नामुष्की नव्हती. ती शिकवणाऱ्याच्या नावावरची उधारी होती.

म्हणून आमचे म्हणणे, तक्ता उभा वाचावा. प्रेसच्या स्तंभात एकच पूर्ण वर्तुळ असेल, तर तो कामगार तापाने पडला त्या दिवशी काय होणार? पाव वर्तुळाच्या पोरास प्रेसवर उभे करतील. प्रेस चुकीला क्षमा करीत नाही. तेथे बोटे जातात.

आय.एस.ओ. ९००१ या मानकाची २०१५ सालची आवृत्ती माणसाच्या कामातील सक्षमतेचा लेखी पुरावा मागते. मागणी रास्तच आहे. परंतु ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी स्केचपेन घेऊन पावाचे पाऊण आणि पाऊणचे पूर्ण करणारे हात आम्ही पाहिले आहेत. ‘कागदच तर आहे, कोणाचे काय बिघडते?’ असे त्यावर ऐकवले जाते. बिघडते ते असे की दुसऱ्या दिवशी तोच कागद पाहून शिफ्टची माणसे लावली जातात. खोटे भरलेले वर्तुळ हे खोट्या साक्षीहून वेगळे नाही.

नुसत्या रंगांविषयीही एक सांगणे आहे. लाल आणि हिरवा यांतला भेद न कळण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. तो ओळखण्यासाठी डॉ. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली रंगीत ठिपक्यांच्या तबकड्या प्रसिद्ध केल्या. बहुतांशी पुरुषच राबतात अशा शॉपमध्ये जोखमीची खूण लाल-हिरव्यावर सोडणे हा निष्काळजीपणा आहे. पाव, अर्धे, पाऊण मात्र कोणाच्याही डोळ्यांस कळते.

काही बंधू म्हणतील, तक्त्यामुळे कष्टाळू माणूस वर दिसतो, त्यात वाईट ते काय? काहीच नाही, फक्त पूर्ण वर्तुळाबरोबर पगारही वाढावा, आणि दुसऱ्यास शिकवण्यात गेलेला तास त्याच्या उत्पादनाच्या आकड्यात तूट म्हणून धरला जाऊ नये. येथे व्यवस्थापनाची बोटे आखडतात.

आणि ठेकेदाराचे कामगार? तीच प्रेस, तीच रात्रपाळी. पण आम्ही पाहिलेल्या तक्त्यांत त्यांच्या नावाची ओळ क्वचितच होती. त्यांना पाव वर्तुळही नाही, कारण वर्तुळ काढायला चौकटच नाही. पुढच्या वेळी मुलगा आपली वर्तुळे कौतुकाने सांगू लागला, तर त्याला एवढे विचारा: तुझ्या शेजारच्या मशीनवर जो उभा असतो, त्याचे नाव तक्त्यावर कितव्या ओळीत आहे?